‘स्किड रो’ भागातले तंबू आणि रेगन यांची सही

लॉस एंजेलिसमधल्या ‘स्किड रो’ या बेघरांच्या भागातल्या तंबूंचा विषय निघाला की रोनाल्ड रेगन यांचं नाव येतंच, आणि आरोपही ठरलेला असतो: त्यांनी मनोरुग्णालयं बंद केली. सनावळी लावून पाहिली तर हा आरोप अर्धाच टिकतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५० च्या दशकात सुमारे ३७,००० रुग्ण होते. जानेवारी १९६७ मध्ये रेगन गव्हर्नर झाले, तेव्हा ते २२,००० च्या आसपास उरले होते. म्हणजे ओहोटी आधीच लागली होती. सक्तीने दाखल करण्याची पहिली मुदत ७२ तासांवर आणणारा १९६७ चा कायदाही दोन्ही पक्षांच्या आमदारांनी मिळून आणला. रेगन यांनी त्यावर सही केली.

त्यांच्या खात्यावर नक्की मांडावी अशी गोष्ट ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावरची, ऑगस्ट १९८१ मधली आहे. वस्तीपातळीवरच्या मानसोपचार केंद्रांना बळ देणारा, आधीचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचा १९८० चा कायदा जवळजवळ पूर्ण रद्द झाला. पैसा कमी करून एकगठ्ठा राज्यांकडे दिला गेला. रुग्णालयाबाहेर आलेल्या माणसाला सांभाळायची जी पर्यायी व्यवस्था आधीच अपुरी होती, ती तिथेच खुंटली.

पण माझ्या मते खरा वारसा इस्पितळांत नाही, घरांच्या हिशोबात आहे. तो चटकन दिसत नाही, कारण केंद्राच्या गृहनिर्माण खात्यात दोन वेगळे आकडे असतात: नवी मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च. त्या काळी अनुदानाचे करार १५ ते ४० वर्षांचे असत. त्यामुळे रेगन यांच्या काळात खर्च वाढतच राहिला. तो जुन्या करारांचा होता. नवी मंजुरी मात्र निम्म्याहूनही खाली आली, आणि १९८३ मध्ये नवीन बांधकामाला भाडे-अनुदान देणारी योजनाच थांबली. रेगन यांचे समर्थक खर्चाचा आकडा दाखवतात, विरोधक मंजुरीचा. दोघंही खोटं बोलत नाहीत. फक्त फुटपाथवर परिणाम मंजुरीचा होतो, आणि तोही काही वर्षं उशिरा. जी घरं मंजूरच झाली नाहीत, त्यांची उणीव पुढच्या दशकात भासते.

दुसरी बाजूही आहे. बेघरांसाठीचा पहिला मोठा केंद्रीय कायदा, मॅकिनी कायदा, रेगन यांच्याच सहीने जुलै १९८७ मध्ये झाला. त्याआधी १९८६ च्या करसुधारणेत परवडणाऱ्या घरांसाठीची करसवलत आली. आजही अमेरिकेत अशी बहुतेक नवी घरं तिच्याच जोरावर उभी राहतात.

ही सवलत चालते अशी: राज्य बिल्डरला सवलतीचा कोटा देतं, बिल्डर ती बहुधा बँकेसारख्या गुंतवणूकदाराला विकतो, आणि त्या पैशातून इमारतीचा काही भाग उभा राहतो. उरलेल्यासाठी शहराचं कर्ज, राज्याचा निधी, रोखे असे चार-पाच स्रोत जोडावे लागतात. प्रत्येकाची अर्जाची तारीख वेगळी, अटी वेगळ्या. एक हुकला की सगळंच पुढच्या फेरीवर. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१६ मध्ये १.२ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, तरी घरं संथपणे आली आणि एकेका घराचा खर्च सहा लाख डॉलरच्या आसपास गेला. त्यामागे जमीन-मजुरीच्या भावाइतकाच हा गुंताही आहे.

त्याहून मोठी अडचण भाड्याची. सवलतीच्या घरात भाड्याची कमाल मर्यादा ठरते ती त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या प्रमाणात. भाडेकरूच्या खिशात काय आहे, याचा तिथे संबंध नाही. २०२४ च्या हिशोबाने लॉस एंजेलिसमध्ये मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांच्या गटातल्या एका खोलीच्या घराची मर्यादा महिना १,४५० डॉलरच्या घरात जाते. अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यावर एकट्याने जगणाऱ्याला त्या वर्षी मिळत होते सुमारे १,१८३ डॉलर. म्हणून करसवलतीच्या जोडीला भाड्याचा उरलेला भाग सरकार भरेल असं व्हाउचर लागतंच, आणि केंद्राची भाडेमदत देशभरात पात्र कुटुंबांपैकी साधारण चारांत एकालाच मिळते.

व्हाउचर हाती आलंच, तर उत्पन्नाचे ३० टक्के भाडेकरूने भरायचे. वजावटी सोडल्या तर इथे ते ३५५ डॉलर होतात. १९८१ पर्यंत हा वाटा २५ टक्के होता. त्या वर्षी रेगन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने तो वाढवला, आणि तेव्हापासून तो कोणी खाली आणलेला नाही. ३५५ मधले सुमारे ५९ डॉलर तेवढे त्या सहीचे.