‘द ट्रायल’ची जुळणी: वाढदिवस बसला, कॅथीड्रल अडलं

काफ्काची ‘द ट्रायल’ ही अपुरी कादंबरी सुट्या प्रकरणांत मागे राहिली, क्रम पक्का नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाचं एक कार्ड करून ती कथेतल्या ऋतूंच्या पट्टीवर लावून बघणं चाललंय. आधी चांगली बातमी. नायक जोसेफ के.चा वाढदिवस ऋतुपट्टीवर पक्का बसला. आईला भेटायला निघतानाचा अपुरा तुकडा पाहा: वसंत सरत आलाय आणि वाढदिवसाला चौदा दिवस उरलेत. अटक तिसाव्या वाढदिवशी, अंत एकतिसाव्याच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे अख्ख्या खटल्यात शरद एकच आणि हिवाळाही एकच. अपुरे तुकडे बाजूला ठेवून जुळणी करणाऱ्यांनी हा पुन्हा वाचाच.

पण या शोधानंच कॅथीड्रलचं कार्ड, म्हणजे के.ला धर्मगुरू भेटतो ते प्रकरण, जागचं हललं. त्या प्रकरणाच्या सुरुवातीला के. सर्दी लपवून बँकेच्या दोन दिवसांच्या दौऱ्यावर जातो, आणि हवा आहे शरदातली, पावसाळी. वकील-चित्रकार प्रकरण मात्र हिवाळ्यातल्या सकाळी सुरू होतं, बाहेर बर्फ पडतंय. कादंबरीचे संपादक ब्रॉड (१९२५) आणि पास्ली (१९९०) दोघंही कॅथीड्रल शेवटाला खेटून ठेवतात, हिवाळ्यानंतर. अभ्यासक उइटरस्प्रोटनं १९५३मध्येच ते हिवाळ्याआधी सरकवा म्हटलं होतं.

सरकवून पाहिलं. वकिलाकडे काम करणाऱ्या लेनीचा फोन कॅथीड्रलला निघण्याआधी येतो, आणि ती के.ला पहिल्यांदा भेटते काकांच्या प्रकरणात, म्हणून कार्ड त्याच्या आधी नेता येत नाही. तिथपर्यंत ठीक. अडतं ते न्यायालयाला द्यायच्या बचावाच्या अर्जापाशी. धर्मगुरूला के. सांगतो की अर्ज अजून पुरा झालेला नाही. आणि हिवाळ्यातल्या त्या सकाळी तो बचावाचा अर्ज स्वतः लिहावा का, याचा अजून विचारच करतोय! हवामान मानलं तर अर्ज उलटा पडतो, अर्ज मानला तर हवामान. वकिलानं रखडवलेला पहिला अर्ज इथे धरता येईल, पण के. ‘माझा’ असल्यासारखं बोलतो, त्यामुळे ते पटत नाही.

एवढा जीव का काढायचा? कारण के. सत्तेशी कसा लढतो, ते याच कार्डावर ठरतं. कॅथीड्रल शेवटी ठेवलं तर तो वकिलाला काढून टाकायला जातो, मग धर्मगुरूकडून कायद्याच्या दारावरच्या दारवानाची गोष्ट ऐकतो आणि मान तुकवतो. आधी ठेवलं तर ती गोष्ट ऐकूनही तो वकील सोडायला निघतो, म्हणजे त्याचं बंड जास्त समजून-उमजून केलेलं ठरतं. मला हा दुसरा के. जास्त खरा वाटतो. म्हणूनच पुराव्याला जास्त घासून बघायला हवं.

साधनांबद्दल थोडं. या कामाला संपादक रॉइसची हस्तलिखिताची प्रतिकृती-आवृत्तीच घ्या: सोळा गठ्ठे, सोळा सुट्या वह्या, क्रम आपण लावायचा. एकत्र बांधलेली प्रत कितीही चांगली असो, संपादकाचा क्रम डोक्यात बसतोच. कार्डांवर ऋतू निळ्यानं, अर्ज लालनं, कोण कुणाला कधी भेटलं ते हिरव्यानं. पेन्सिल नको, फोटोत उमटत नाही.

पुढे लेनीचे सगळे उल्लेख लावायचे ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी दुसरी पट्टी करावी: कथेतल्या काळाची नव्हे, लिखाणाच्या काळाची. काफ्कानं ऑगस्ट १९१४ ते जानेवारी १९१५ या काळात प्रकरणं आलटून पालटून लिहिली, पहिलं आणि शेवटचं अगदी आरंभी. कॅथीड्रल आणि वकील वेगवेगळ्या वेळी लिहून झाले असतील तर ऋतू जुळवायचे राहून गेले, हे सरळ उत्तर निघतं. प्रतिकृतीत एका पानावर किती शब्द मावलेत ते मोजायचं. दाटी बदलते तिथे लिखाणाचा टप्पा बदलला असू शकतो. आधी या दोन वह्या, मग वकिलाचा दुसरा अशील ब्लॉक याचं प्रकरण. लेनी थांबेल.