टीव्हीचा आवाज, दुसऱ्याच्या तोंडून

टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतसा त्यांचा आवाजही बसत गेला. स्पीकरला पुढेमागे हलायला जागा लागते, पाठीशी थोडी पोकळी लागते. दोन बोटं जाडीच्या चौकटीत ती आणायची कुठून? मग इवलेसे स्पीकर खालच्या कडेला, नाहीतर थेट भिंतीकडे तोंड करून बसवतात. पडद्यावरच्या माणसाच्या कपाळावरचा घाम स्पष्ट दिसतो, आणि तो काय पुटपुटला ते शेजारच्याला विचारावं लागतं. घरात रिसीव्हर (म्हणजे मोठे स्पीकर चालवणारा डबा) आणि बरे स्पीकर असतील तर हा आवाज तिकडे वळवावा, असं कुणालाही वाटेल. एक केबल लावायची, झालं.

केबल एकच लागते, हे खरंच आहे. पण ती लावायला टीव्हीच्या पाठीमागे शिरावं लागतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने चाचपणी, आणि गाल भिंतीला टेकलेला. एचडीएमआयची सगळी भोकं सारखीच. त्यांतल्या एकाशेजारीच बारीक अक्षरांत ‘एआरसी’ असतं. म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत ही सोय आली. तोवर चित्र आणि आवाज दोघेही या केबलमधून एकाच दिशेने, टीव्हीकडे जात. आता त्याच केबलमधून आवाजाला उलटं, रिसीव्हरकडे यायची मुभा मिळाली. म्हणूनच रिसीव्हरच्या बाजूला ही केबल ‘आउट’ लिहिलेल्या भोकात लावायची असते. आवाज आत यायचा आहे आणि पाटी म्हणते बाहेर! एवढ्या एका पाटीपायी किती लोकांनी चांगल्या केबल बाद ठरवल्या असतील, कोण जाणे.

ज्यांना ही उलटसुलट नको, त्यांच्यासाठी ऑप्टिकल केबल आहे. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही केबल अजून टिकून आहे. टोकाची प्लॅस्टिकची टोपी काढली की आत लाल उजेड दिसतो. आवाज त्या उजेडातून जातो. दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच येत नसल्यामुळे स्पीकरमधली ती चिवट घूंऽऽ सुद्धा या वाटेने येत नाही. मला ही केबल आवडते. पण तिच्यातून आवाज जातो, हुकूम जात नाही. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमीजास्त करायचा तर एचडीएमआयच हवं, आणि त्यातलं सीईसी, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय, चालू हवं. हे सीईसी मेनूत त्या नावाने सापडेल तर शपथ. कुणाकडे ते एनीनेट, कुणाकडे सिम्पलिंक, कुणाकडे ब्राव्हिया सिंक.

इतकं होऊन आवाज येतो. ऐकून समाधान वाटतं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

टीव्ही चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. ते घासतो-पुसतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि त्यात वेळ घालवतो. प्लेअर रिसीव्हरला जोडून चित्र तेवढं पुढे टीव्हीकडे पाठवलं, तर आवाज आधीच निघून गेलेला असतो. गंमत अशी की आवाज मागून आला तर आपण बरंच चालवून घेतो, आधी आला तर नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हे आकड्यांतच आहे: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकू लागतो, मागे पडला तर १२५ पर्यंत ध्यानात येत नाही. कारण निसर्गात आवाज कायम उशिराच येतो. शंभर मीटरवर कुणी घण घालत असेल तर घाव आधी दिसतो आणि ठणका जवळजवळ तीन दशांश सेकंदाने ऐकू येतो. ठणक्यानंतर घाव पडलेला मात्र कुणी कधी पाहिलेला नाही.

रिसीव्हरमध्ये यावर इलाज आहे: ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’. मिलिसेकंद वाढवत जायचं आणि पडद्यावरच्या ओठांकडे बघत राहायचं; ‘प’ आणि ‘ब’ ची अक्षरं त्यासाठी उत्तम. इलाज एकतर्फी आहे, कारण रिसीव्हर आवाजाला थांबवू शकतो, लवकर आणू शकत नाही. आवाजच मागे पडत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ (आवाज गाठोडं बांधून पाठवणं) ऐवजी ‘पीसीएम’ (उलगडूनच पाठवणं) करून बघतात; उलगडण्याचा थोडा वेळ वाचतो, पण एआरसीवर बहुतेकदा मागचे स्पीकर त्या बदल्यात गप्प होतात. २०१७ च्या २.१ आवृत्तीबरोबर आलेल्या ईएआरसीत, म्हणजे एआरसीच्या सुधारलेल्या रूपात, हा मेळ यंत्रांनी आपापसात घालण्याची सोय आहे, फक्त दोन्ही यंत्रं तेवढी नवी हवीत.

जुन्या जोडीत मात्र आकडा हातानेच बदलावा लागतो. कुणी खेळायला बसलं आणि टीव्हीचा गेम मोड लावला, की चित्रावरची सगळी घासपूस थांबते, चित्र लवकर येऊ लागतं, आणि सिनेमासाठी निगुतीने बसवलेला विलंब तिथे जास्त होतो. खेळणारा तो शून्यावर आणतो. परत चढवायचं काम कुणाचं, यावर घराघरांत वेगवेगळी मतं आहेत.