बेळगावजवळच्या कणकुंबीला धनेश (हॉर्नबिल) बघायला निघालात? आधी फोटो नीट बघा

आधी निकाल सांगते. जंगल उत्तम, पक्षी उत्तम, जीपवाला लबाड. आणि जांबोटीच्या पुढच्या रस्त्याबद्दल मी आज बोलणार आहे म्हणजे आहे.

फेब्रुवारीत आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एका जीपवाल्याचा मेसेज आला: ‘अतिदुर्मिळ धनेश, कणकुंबी परिसर, दर्शन शंभर टक्के, न दिसल्यास निम्मे पैसे परत.’ सोबत फोटो. तांबूस डोकं-मान, पिवळसर चोच, गळ्याखाली निळसर पांढरी पिशवी, अंग काळं आणि शेपूट पांढरीशुभ्र. मी फोटो मोठासुद्धा करून बघितला नाही. मावसबहिणीला फोन केला आणि ४,५०० रुपये पाठवून मोकळी झाले. दोघींचे, जीपसकट. नाश्ता त्यात नव्हता, हे नाश्ता झाल्यावर कळलं.

पहाटे पाचला निघालो. जांबोटीपर्यंत ठीक. पुढे जे सुरू होतं त्याला रस्ता म्हणायचं तर आमच्या अंगणालाही म्हणावं लागेल. समोरून मालट्रक आला की जीप कडेच्या लाल मातीत उतरणार, आणि परत वर चढताना डांबराची कड खालून कर्रकन घासणार. असं किती वेळा झालं ते बाराव्या खेपेनंतर मोजायचं सोडलं. बहिणीच्या मांडीवर थर्मास होता, त्यातला चहा झाकणातून उडून माझ्या दुर्बिणीच्या काचेवर. साखरेचा चहा! ती काच पुसण्यात सकाळचा पहिला अर्धा तास गेला, आणि धनेश बघायचा खरा वेळ तोच असतो. बेळगावपासून पन्नासेक किलोमीटर, पण दोन तास धरा. मागच्या सीटवर बसू नका. कंबर दुखत असेल तर जाऊच नका. स्वतःची छोटी गाडी नेणाऱ्यांना मी अडवणार नाही, तुमची गाडी तुमची.

कणकुंबीच्या अलीकडे एका नांद्रुकीच्या झाडाखाली थांबलो. साडेसात झाले, काही नाही. जीपवाला म्हणाला, “ताई, पक्षी हाय बगा. काल पाव्हणे बघूनच गेलेत. खरं आज वारं सुटलंय.” वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. तेवढ्यात बहिणीने पिशवीतून पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि फोटोशी ताडून बघायला लागली. पान सापडलं. नाव नारकोंडम धनेश. शेजारच्या नकाशात अख्खा भारत कोरा, आणि उजवीकडे समुद्रात एक ठिपका. तिने त्यावर अंगठा ठेवला तर ठिपका दिसेनासा झाला.

हा पक्षी जगात फक्त नारकोंडम बेटावर राहतो. अंदमान समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट, क्षेत्रफळ जेमतेम ६.८ चौरस किलोमीटर. आपलं खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे बघा. तिथे हे पक्षी अंदाजे हजारभर. बेट भरलेलं आहे, कारण उंबर-वडाच्या जातीची झाडं मुबलक. तांबूस डोकं-मान नराची, मादी सगळी काळी, शेपूट दोघांचीही पांढरी. ते बेट १९७७ पासून अभयारण्य आहे, पण त्याआधीच, १९७६ साली, तिथल्या पोलिस चौकीसाठी बकऱ्या नेऊन सोडल्या होत्या. त्यांनी कोवळी रोपं खाऊन जंगलाची नवी पिढीच थांबवली. पुढे बकऱ्या हलवाव्या लागल्या. मग बेटावर रडार उभारण्याचा वाद. तटरक्षक दलाचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नाकारला आणि २०१४ मध्ये मंजूर केला. एकाच बेटावरचा पक्षी, तिथे काही बिघडलं तर त्याला उडून जायला दुसरं जंगल नाही. आणि त्याचा फोटो लावून आम्हाला जांबोटीच्या पुढे आदळत नेलं!

जीपवाल्याला पुस्तक दाखवलं. तो शांत. “धनेश म्हणजे धनेशच की ताई. चोच बगा, चोच तशीच हाय न्हवं?”

मी पुढचं बोलणार तोच वरून आवाज आला. कुणीतरी म्हातारा खोकतखोकत हसतोय तसा. नांद्रुकीच्या शेंड्याला तिघं होते. राखाडी, घारीएवढे, चोचीवर शिंग नाही. मलबारी राखी धनेश. एकाने फळ चोचीच्या टोकात धरलं, मान झटकून वर उडवलं आणि गिळलं. परत तेच. बहीण पुस्तक मिटायची विसरली. माझ्या काचेवर अजून साखर होती, पण दिसलं.

आता गंमत बघा, हाही काही कुठेही मिळणारा पक्षी नाही. सह्याद्री सोडून जगात कुठेच नाही, आणि २०२० पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. जुनी पोकळ झाडं आणि रानफळं गेली की हा गेला. मग खऱ्या पक्ष्याचा फोटो लावायला काय झालं होतं? राखाडी रंगाला गिऱ्हाईक नाही, असं उत्तर मिळालं. निदान हे तरी तो खरं बोलला.

जाणाऱ्यांसाठी: साडेसहाच्या आत झाडाखाली पोचा, नऊनंतर हे पक्षी झाडीत गडप होतात. भटकत बसू नका. फळं लागलेला वड, उंबर नाहीतर नांद्रुक गाठा आणि गप्प बसा. कणकुंबीत आधी चहाच्या टपरीवर विचारा, कुठलं झाड धरलंय ते तिथल्या काकांना पाठ असतं, आणि ते पैसे घेत नाहीत. ८x४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. मोबाइलला रेंज येते-जाते, पेट्रोल बेळगावातच भरा. मलबारी कवड्या धनेश, म्हणजे काळापांढरा शिंगवाला, दिसला तर नशीब. आम्हाला नाही दिसला.

आणि ढोली. “पाचशे जादा द्या, घरट्यापाशी नेतो,” असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. फेब्रुवारीच्या दिवसांत मादी ढोलीत आतून दार लिंपून बसलेली असते, चोच घालण्यापुरती फट ठेवून. नर बाहेरून चारतो. खाली माणसं उभी राहिली तर तो जवळ येत नाही, आणि आतल्यांना दुसरं कोण आणून देणार? रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांनाही हेच.

दुसऱ्या दिवशी खानापूर-हेम्माडगा केलं. रस्ता बरा, सावली छान, कुणी फसवलं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पैशांचं राहिलं. मेसेजातला पक्षी दिसला नाही म्हणून मी निम्मे मागितले, २,२५०. चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी ५०० आले, खाली टीप: ‘बाकी डिझेल व चहापाणी.’ चहा आम्ही घरून नेला होता.