वहीतली पेज

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की पेशंट पहिले दोन-तीन आठवडे सर्जनपेक्षा माझ्याच टेबलासमोर जास्त बसतो. ही गोष्ट त्यातल्याच एका ताईंची.

ताई कोपरीच्या, वय ४८. घरातूनच पोळीभाजी केंद्र चालवायच्या. वजन १०४ किलो, उंची १५४ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जवळपास ४४. बीएमआय खूप वर गेला, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असला तर त्याहून कमी असतानाही, डॉक्टर या शस्त्रक्रियेचा विचार करतात. ताईंना मधुमेह होता, गुडघे कामातून गेले होते आणि झोपेत श्वास अडकायचा. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ठरली. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे फक्त पातळ आणि कमी कॅलरीचं खाणं. जठराच्या वरच यकृताचा डावा भाग असतो. चरबीने तो फुगलेला असला की सर्जनला आत नीट दिसत नाही. या खाण्याने तो आक्रसतो. ताईंनी हे दोन आठवडे दिवसाला दीडशे पोळ्या लाटत काढले. तव्यावर पोळी फुगत असताना हातात ताकाचा पेला. खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं माप घेऊन त्या घोट घोट पाणी प्यायचा सरावही करत होत्या, कारण नंतर ३० मिली पाणी पंधरा मिनिटं पुरवून प्यावं लागतं, हे मी सांगितलं होतं. "मॅडम, मामलेदारची मिसळ कधी खाता येईल तेवढं सांगून ठेवा," असं मला म्हणाल्या आणि ऑपरेशनला गेल्या.

ऑपरेशन छान झालं. त्याच संध्याकाळी त्या वॉर्डात चालल्या, तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. सोबत माझा कागद होता: ताक, डाळीचं पाणी, दुधातून प्रोटीन पावडर, पेज, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं, व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. आईला उलट्या होताहेत. मी म्हटलं, घाई होत असेल, घोट लहान करा, जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. बहुतेकांचं तेच कारण असतं. पण उलट्या किती, किती दिवस, पोटात काय टिकतंय, यातलं मी काहीच विचारलं नाही. फोन दोन मिनिटांत संपला होता. ते आजही मला लागतं.

सहाव्या आठवड्यात ताई तपासणीला आल्या. बाहेर धो धो पाऊस. काट्यावर ८५ किलो. ओपीडीतल्या सिस्टर कौतुक करत होत्या. ताई रजिस्टरमध्ये सही करायला वाकल्या आणि पेन रेघेच्या बोटभर वर टेकलं. पुन्हा टेकलं, पुन्हा चुकलं. "दोन-दोन रेघा दिसतात. चष्म्याचा नंबर बदलला वाटतं," म्हणाल्या. खुर्चीकडे आल्या त्या पाय फाकवून, भिंतीला हात लावत. मुलगी म्हणाली, अशक्तपणा आहे.

मी विचारलं, काल सकाळपासून काय खाल्लं? मुलीने वही पुढे केली. प्रामाणिकपणे सगळं लिहिलेलं: पेज, उलटी. पेज. पेज, उलटी. पानामागून पान तेच. प्रोटीन पावडरचा वास सहन होत नव्हता, गोळ्यांनी मळमळायचं. कागदावरचं सोसणारं एकच होतं, तेच त्या घेत राहिल्या. आणि ते मीच लिहिलं होतं.

तांदूळ पॉलिश करताना कोंड्याबरोबर थायमिन, म्हणजे बी-१, निघून जातं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्यात पेजेतला स्टार्च पचून साखर झाली की ती वापरायला शरीराला थायमिनच लागतं. उलट्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं: ही थायमिन संपल्याचीच लक्षणं होती. माझे हात गार पडले.

ताईंना तोवर कॅज्युअल्टीत नेलं होतं, अशक्तपणासाठी डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली स्टँडला लागली होती. मी धावत गेले. "सिस्टर, थांबा, ग्लुकोज नको, आधी थायमिन." हे सांगायचा अधिकार माझा नाही, म्हणून त्याच श्वासात सर्जनना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "डोळे हलतात का नीट?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "रक्त काढून ठेवा, पण रिपोर्टची वाट बघू नका." थायमिन शिरेतून सुरू झालं. मुलगी मला विचारत होती, वजन तर उतरत होतं ना मॅडम?

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपीत उलट्यांचं मूळ सापडलं. जठराची उरलेली नळी मध्येच अरुंद झाली होती. ती फुग्याने रुंद केली.

तिसऱ्या दिवशी ताईंना घड्याळाचा प्रत्येक काटा दोन-दोन न दिसता एकेकच दिसायला लागला. चाल मात्र चटकन येत नाही. फिजिओथेरपिस्ट, घरातला कठडा, मग मुलीचा दंड धरून तलावपाळीची एक फेरी. मधल्या काळात केसही गळले; त्याची त्यांना कल्पना दिली होती, त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

पेज माझ्या कागदावर अजून आहे, पण डाळ घातलेली आणि दिवसातून एकदाच. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: दोन दिवस उलट्या झाल्या तर फोन नको, थेट या. आणि फोन आलाच, तर आता मी मुलीच्या वहीसारखी वही समोर उघडायला लावते आणि एकेक ओळ वाचून घेते.

चौथ्या महिन्यात ताई एकट्या आल्या. ओपीडीतल्या लादीच्या रेघेवर टाचेला चवडा लावत सात पावलं चालून दाखवली. आठव्याला डुलल्या, भिंत धरली, परत मागे गेल्या आणि पहिल्या लादीपासून पुन्हा सुरुवात केली.