लॉन ट्रॅक्टरचा पट्टा आणि अण्णांची गिरणी

मे महिन्यातले तीन शनिवार माझे गवतात गेले, तेही गवत न कापता. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो, घराच्या पुढे-मागे मिळून पाऊण एकर, म्हणजे आपले ३० गुंठे. तासगावकडे एवढ्यात द्राक्षबाग झाली असती, इथे नुसतं गवत वाढवायचं, दर आठवड्याला कापायचं आणि कापलेलं कुठल्या म्हशीच्या पुढ्यातही टाकायचं नाही! असो. त्यासाठी एक जुना, सेकंडहँड लॉन ट्रॅक्टर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घेतलाय, पोटाखाली ४२ इंची डेक, म्हणजे कापणीचं पत्र्याचं खोकं, त्यात दोन पाती.

पहिल्या शनिवारी मेपलच्या झाडापाशी वळताना खाली धाडकन आवाज आला, इंजिन चालू पण पाती बंद. वाकून बघितलं तर डेकचा पट्टा उतरलेला. परत चढवला, दहा मिनिटांत पुन्हा उतरला. मी म्हटलं पट्टा जुना झाला, संपला विषय.

इथे पहिली चूक. पट्ट्यावर ४एल ९५० असं काहीतरी पुसट दिसत होतं, म्हणजे रुंदी अर्धा इंच आणि बाहेरून लांबी ९५ इंच. त्याच मापाचा स्वस्तातला साधा व्ही-बेल्ट मी जवळच्या दुकानातून आणला. माप बरोबर होतं, जात वेगळी होती. डेकच्या पट्ट्यात बहुतेक वेळा केव्हलारचे (फार चिवट अशा कृत्रिम तंतूचे) धागे असतात, कारण पीटीओ टाकला, म्हणजे इंजिनची ताकद पात्यांना जोडली, की त्याला एकदम झटका बसतो, शिवाय आयडलर पुली (पट्टा ताणून धरणारी मोकळी पुली) त्याच्या पाठीवर दाबून फिरते त्यामुळे तो उलटाही वाकतो. साधा पट्टा हे फार दिवस सोसत नाही, ताणला जातो, मग घसरतो, मग तापतो. (पीटीओ म्हणजे गावी मागे रोटाव्हेटर लावायचा दांडा, इथे म्हणजे एक पिवळं बटण.) माझ्या पट्ट्याने दुसऱ्या शनिवारी अर्ध्या लॉनमध्येच धूर काढला, जळक्या रबराचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि बायकोने खिडकीतून फक्त बघितलं.

तिसऱ्या शनिवारी कंपनीचा ओरिजिनल पट्टा घातला, चांगले पैसे मोजून. वीस मिनिटं चालला, त्याच मेपलपाशी उतरला.

मग अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांची पिठाची गिरणी होती, ३० वर्षं त्यांनी पट्ट्याशी संसार केलाय. मी रडगाणं सुरू केलं तर त्यांनी मध्येच तोडलं, "पट्टा कसला बघतोयस, पुल्या हातानं फिरवून बघितल्यास का?"

नव्हत्या बघितल्या. लाज वाटली पण खरं सांगितलं.

किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला अडकवली (हे कधीही चुकवू नका, हात पात्याजवळ जाणार आहे, आणि हातमोजे घाला), डेक खाली सोडला, पिना काढून बाहेर ओढला. त्याआधी पट्टा कसा गेलाय त्याचा फोटो काढला, नाहीतर परत घालताना डोकं फिरतं. वरची कव्हरं काढली तर आत वाळलेल्या गवताचा अख्खा गालिचा निघाला.

पात्यांचे दोन्ही स्पिंडल, म्हणजे पाती ज्यावर फिरतात ते दांडे, हाताने फिरवले, ठीक फिरले. स्पिंडल जाम असेल तर पट्टा थांबतो आणि इंजिनची पुली एकाच जागी त्याला घासत राहते, तिथे पट्ट्याला जळका खड्डा पडतो. माझ्या पट्ट्यावर तसं नव्हतं. एका बाजूची कड मात्र कुरतडल्यासारखी झाली होती, उंदराने खाल्ल्यासारखी. अण्णा म्हणाले पुली वाकडी चालतीय. आणि खरंच, स्प्रिंगने ओढल्या जाणाऱ्या लोखंडी हातावरची (आर्मवरची) आयडलर फिरवली तर खरखर आवाज, वर-खाली हलवली तर चांगलाच प्ले, म्हणजे सैलपणा. फोन जवळ नेला तर अण्णांना तासगावात आवाज ऐकू गेला, "मेलंय ते बेरिंग". नंबर ६२०३ होता, अण्णा म्हणाले हे तर आपल्या मोटरीचं, ठोकून काढ आणि दुसरं घाल. पण इथे पुलीची कड दाबून बेरिंग आत बंद केलेलं असतं, ते निघत नाही, अख्खी पुलीच बदलावी लागली.

एवढ्यावर थांबलं नाही. ती पुली ज्या हातावर बसते त्याचा पिव्हट (ज्या खिळीवर तो हात फिरतो ती) गंजून अर्धवट जाम होता. म्हणजे स्प्रिंग ओढायची पण हात पूर्ण यायचा नाही, पट्टा ढिला राहायचा आणि वळताना डेक जरा हलला की बाहेर. घासून साफ केला, ग्रीस लावलं. शिवाय पट्टा पुलीवरून सुटू नये म्हणून जे लोखंडी दांडे असतात त्यातला एक वाकून बाहेर गेला होता, बहुतेक मेपलच्या मुळाचा प्रसाद. तो वाकवून पट्ट्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणला. पट्ट्याला चिकटला तर घासतो, लांब गेला तर असून नसल्यासारखाच.

मी विचारलं, गिरणीत तुम्ही पट्ट्याला राळ लावायचात ना, तशी लावू का? अण्णा हसले. तो सपाट पट्टा, हा व्ही. हा दोन्ही बाजूंनी खाचेत रुतून चालतो, चिकट काही लावलं की धूळ आणि गवत धरून बसतो. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुलीच झिजली समजायचं, पट्टा तळाला टेकतोय, तिथे नवा पट्टाही घसरणारच.

बेरिंग का मेलं तेही कळलं, आणि दोष माझाच निघाला. दर वेळी कापून झालं की मी डेकवर वरून प्रेशर वॉशर मारायचो, चकाचक दिसायला. ते पाणी सीलमधून आत जाऊन ग्रीस धुवून काढतं. आता फक्त ब्लोअरने गवत उडवतो.

त्यानंतर पाच वेळा कापलं, पट्टा जागेवर आहे, मेपलपाशीसुद्धा. उजव्या स्पिंडलला किंचित प्ले आलाय असं वाटतंय. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.