बॅटरी निर्दोष आहे

जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला आरोप बॅटरीवर येतो. सोसायटीतले चार जण जमतात आणि चौघांचं निदान एकच: 'बॅटरी बसली.' नवी बॅटरी येते, काही दिवस गाडी गुणी बाळासारखी वागते, मग पुन्हा तेच. नव्या बॅटरीने सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जोरात फिरतो, त्यामुळे मूळ दुखणं झाकलं जातं, एवढंच.

ठाण्यात टाटाची इंडिगो मरीना अजून अधूनमधून दिसते. 2004 मध्ये आलेली, लांबट डिकीची, 1.4 लिटर टर्बो डिझेल. सेकंडहँडच्या बाजारात ती मिळते स्वस्त. पुढचं सगळं मालकाच्या चिकाटीवर.

बॅटरीला आधी बाजू मांडू द्यावी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर 12.6 च्या आसपास व्होल्ट आणि सेल्फ मारताना 9.6 च्या वर, म्हणजे ती निर्दोष सुटली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी खराब. खाडीच्या दमट हवेत तिच्या बोल्टाखाली हिरवी पूड धरते. घासून पुन्हा कसली की बऱ्याचदा काम भागतं.

तरीही अडतंय? मग सायलेन्सरकडे बघा. सेल्फ फिरताना पांढरा धूर येतोय आणि सुरू झाल्यावर इंजिन थोडा वेळ थरथरतंय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: दोष हीटर प्लगचा, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा. धूरच नाही, तर डिझेलच पोचत नाही: एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा.

'आपल्याकडे कुठे थंडी असते' म्हणून हीटर प्लगकडे दुर्लक्ष होतं. पण या जुन्या पद्धतीच्या इंजिनाला थंड असताना ते लागतातच, अगदी मे महिन्यातही. वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ओहम किंवा कमी म्हणजे ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर मेला. चावी ऑन केल्यावर पट्टीवर करंटच येत नसेल तर दोष रिलेचा. प्लग उघडण्याआधी रात्री गंज सोडवणारं तेल मारावं आणि इंजिन कोमट असताना हळू फिरवावं. मोडून हेडमध्ये अडकला तर खर्चाचा आकडाच बदलतो.

एअरची गंमत अशी की डिझेल कुठेच गळत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढ घेते, त्यामुळे सैल जागेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नाक चढावर करून गाडी उभी केली की रात्रभरात डिझेल टाकीकडे परततं. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप घाला. बुडबुडे दिसले की मागे मागे जात फिल्टरची रबर रिंग, हातपंप, तांब्याचे वॉशर तपासा. मग हातपंप दाबत, फिल्टरचा स्क्रू सैल करून, बिनबुडबुड्याचं डिझेल येईपर्यंत एअर काढा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू कसा. नंतरच्या डायकोर (कॉमन रेल) इंजिनात मात्र नोझलच्या पाइपांना हात लावायचा नाही. तिथला दाब कातडी भेदतो.

गाडी गरम होत असेल तर रस्ताच सांगतो. कापूरबावडीच्या जॅममध्ये काटा चढतो आणि मोकळ्यावर उतरतो: फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर. जॅममध्ये ठीक, पण गायमुखच्या चढावर चढतो: चोंदलेला रेडिएटर, नाहीतर थर्मोस्टॅट. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नये, हे सांगायची गरज नसावी, पण असते.

आणि मागचा दरवाजा! मागचा वायपर बंद, नंबरप्लेटचा दिवा बंद, फ्यूज सारखा उडतोय, म्हणून मोटर बदलण्याआधी बिजागरीजवळचं रबरी नळकांडं मागे सरकवा. हजारो वेळा वाकून आतल्या वायरी तुटलेल्या असतात, काही नुसत्या वरच्या प्लास्टिकच्या कातडीवर लटकलेल्या. जोड देताना बारीक तारांची मऊ वायर बोटभर जास्त घ्या आणि टाका वळणावर नको, दोन्हीकडे पत्र्याच्या आत द्या. वळणावर दिलेला टाका पुढच्या पावसाळ्यात तिथेच तुटतो, आणि वायरिंगवाला शांतपणे म्हणतो, 'साहेब, बॅटरी बघा.'