डिस्कची नोंदवही : चौदावा महिना

सोमवारी चार नंबरच्या हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला, तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे संशयित तुकडे, ८. मागच्या महिन्यात शून्य होते. शुक्रवारी २४ झाले आणि मी ती काढली. चालत होती, फाइल्स उघडत होत्या, तरी काढली. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. पहिली स्कॅन एरर (डिस्कचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. हे माहीत असताना वाट बघणं मला जमत नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी माळ्यावर सहा डिस्कांचा सर्व्हर आहे. त्यावर वडिलांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्हचे स्कॅन आहेत, निम्मे तर खासबागेतल्या कुस्त्यांचे. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या दुकानातल्या दोन पेट्या भिजल्या. त्यातलं जेवढं आधी स्कॅन झालं होतं तेवढंच उरलंय.

आता हिशेब. सहा डिस्क, ४२० दिवस, म्हणजे २,५२० डिस्क-दिवस, जवळपास ६.९ वर्षं. एक गेली, म्हणून डिस्क बिघडायचा वार्षिक दर १४ टक्क्यांच्या वर. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप देणाऱ्या अमेरिकी कंपनीचा २०२४ चा सरासरी दर १.५७ टक्के आहे, पण तो लाखो डिस्कांवरचा. माझी एकही गेली नसती तर माझा दर शून्य आला असता. सहा डिस्कांवरून कुठल्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, म्हणून ब्रँड लिहीत नाही.

तसंही ब्रँडपेक्षा मॉडेल बघा. सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलनं बॅकब्लेझकडे फार वाईट दिवस दाखवले, आणि त्याच कंपनीच्या ४ टीबीनं तिथंच वर्षानुवर्षं साथ दिली. मला जास्त घोर लॉटचा, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेल्या खेपेचा आहे. दोन नंबरची डिस्क चार नंबरच्याच लॉटमधली, एकाच दिवशी घेतलेली. नवीन मुद्दाम दुसऱ्या कंपनीची आणलीय.

क्षमतेचा धोका रिबिल्डमध्ये, म्हणजे बाकीच्या डिस्कांवरून नवीन डिस्क पुन्हा भरताना कळतो. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगानं भरली तरी २२ तास लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्या डिस्कांना उसंत नसते. माझ्या ४ टीबीच्याच, तरी जीव टांगणीला लागलाय.

आत्ता रिबिल्ड ६१ टक्के झालंय. बाहेर वळीव सुरू झालाय, यूपीएसवर चाळीस मिनिटं मिळतात. हे आटोपलं की दोन नंबरही बदलणार, आणि तिसरी प्रत गडहिंग्लजला बहिणीकडे ठेवणार.